‘बोट सोडा’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा: लाइफबोटीला कुठे ‘जीवरक्षक नौका’ म्हणतात, कुठे ‘बचाव नौका’. दोन्ही एकच का?

नाही. जीवरक्षक नौका जहाज सोडून जाण्यासाठी असते, तिच्यात 150 जणांपर्यंत बसवता येतात. बचाव नौका पाण्यात पडलेल्याला उचलून आणण्यासाठी. तिच्यात पाच बसलेले आणि एक आडवा मावला की झालं. घोळ इंग्रजीतही आहे. ब्रिटनमध्ये 1824 पासून एक स्वयंसेवी संस्था किनाऱ्यावरून लाइफबोटी पाठवते. कामाने त्या बचाव नौकाच. तेव्हा भाषांतर करताना आधी पाहावं, बोट जहाजावरून निघते आहे की जहाजाकडे?

मराठीची खरी पंचाईत ‘बोट’ या शब्दाची. कोकणात बोट म्हणजे आगबोट, आख्खं जहाज! मग ‘टायटॅनिकवर 20 बोटी होत्या’ हे वाक्य अडखळतं. (सगळ्या मिळून जागा 1178, माणसं सुमारे 2200.)

‘सोडणे’ हे क्रियापद तर धोक्याचंच. ‘बोट सोडा’ म्हणजे लाइफबोट खाली घ्या, तिचे हूक सोडा, की जहाज सोडून जा? तिन्ही अर्थ निघतात. डेव्हिटच्या (बोट टांगून खाली घेणारी जहाजाच्या कडेची यारी) दोरांवर बोट ‘उतरवतात’. ती पाण्यावर टेकली की मगच पुढचा-मागचा हूक एकदम ‘सोडतात’. अधांतरी असताना एकच हूक सुटला तर बोट दुसऱ्यावर उभी लोंबते आणि आतली माणसं खाली पडतात. सरावातही असे जीव गेले आहेत. सूचना-फलकावर म्हणून ‘उतरवा’, ‘हूक सोडा’ आणि ‘जहाज सोडून जा’ असं वेगवेगळं लिहावं.

लाइफराफ्टला मात्र ‘नौका’ नको, ‘तराफा’ बरोबर. डब्यात घडी करून ठेवलेला हा तराफा जहाज बुडालं तर 4 मीटर खोलीच्या आत आपोआप सुटतो आणि वर येऊन फुगतो. त्याची दोरी कमकुवत कडीऐवजी (ताण आला की मुद्दाम तुटणारी कडी) थेट जहाजाला बांधली असेल तर तोही जहाजासोबत तळाला जातो.

जाता जाता: ‘बोट लागणे’ हा आपला वाक्प्रचार लाइफबोटीला चपखल बसतो. बंदिस्त, लहान, सतत डुलणारी बोट सराईत खलाशालाही लागते. माणशी पाणी 3 लिटर, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी जातं. म्हणून माणशी 48 तास पुरतील इतक्या उलटीच्या गोळ्या आणि एक पिशवी बोटीत ठेवावीच लागते. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी, बोटीत चढल्याबरोबर घ्यायची.