वाचकांचे प्रश्न : थकलेले बिल, बिघडलेले यंत्र

प्रश्न : धारावीत आमचा चामड्याची पाकिटे आणि पिशव्या शिवण्याचा छोटा कारखाना आहे. बंगळुरूच्या एका कंपनीला भेटवस्तू म्हणून देण्यासाठी दोन खेपांत पाकिटे पुरवली. ऑर्डरच्या कागदावर ‘पेमेंट ९० दिवसांनी’ असे छापलेले होते. आता सात महिने झाले, तीन लाख रुपये अडकले आहेत आणि मागणी केली की ‘शिलाईत दोष होता’ असे उत्तर मिळते. वाद बंगळुरूतील लवादाकडेच न्यावा, अशीही अट त्या कागदावर आहे. पहिली खेप गेली तेव्हा आमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नव्हती. ती दुसऱ्या खेपेपूर्वी केली. ग्राहक आयोगात तक्रार करावी का?

उत्तर : ग्राहक आयोगात आपली तक्रार टिकणार नाही, कारण या व्यवहारात आपण माल विकणारे आहात आणि तो कायदा विकत घेणाऱ्यासाठी आहे. आपल्यासाठी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ यातील थकबाकीविषयीचे प्रकरण आहे, आणि ते बहुतेक पुरवठादारांना वाटते त्यापेक्षा बरेच कडक आहे. त्याच्या कलम १५ नुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, पण लेखी करारातही ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरलेले नसेल तर ती १५ दिवसांचीच धरली जाते. त्यामुळे ऑर्डरवर छापलेले ९० दिवस या कायद्यापुढे चालत नाहीत, आणि आपण त्या कागदावर सही केली होती म्हणून ते चालू लागत नाहीत.

‘शिलाईत दोष’ या सबबीचे उत्तरही याच कायद्यात आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नसेल, तर माल प्रत्यक्ष पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा दिवस मानला जातो आणि मुदत तिथून मोजली जाते. तेव्हा पोहोच घेतलेले डिलिव्हरी चलान, वाहतूकदाराची पावती आणि त्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंनी झालेला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद हे सर्व आताच एकत्र करून ठेवावे. दोषाची हरकत पैसे मागितल्यावर प्रथमच निघाली असेल, तर ती उशिरा का निघाली हे सांगण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

मुदत उलटल्यावर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज देणे खरेदीदाराला भाग असते. हिशेब समजावा म्हणून बँक दर ६ टक्के धरला, तर व्याजाचा दर वर्षाला १८ टक्के होतो, म्हणजे तीन लाखांवर पहिल्याच महिन्याला साडेचार हजार रुपये, आणि पुढच्या महिन्याचे व्याज या वाढलेल्या रकमेवर. हे व्याज कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली आहे की, सूक्ष्म आणि लघु उपक्रमांचे पैसे कलम १५ च्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष चुकते केले त्याच वर्षी वजावटीस पात्र ठरतो. म्हणून पहिले पत्र लिहिताना त्याची एक प्रत कंपनीच्या लेखा विभागाकडे अवश्य पाठवावी. खरेदी विभाग ज्या पत्राकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याच पत्राने लेखा विभाग अस्वस्थ होतो, असा अनेक कारखानदारांचा अनुभव आहे.

पत्राने काम झाले नाही तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करावा; तो राज्यातील सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेपुढे जातो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसला तर लवाद म्हणून निवाडा देते किंवा प्रकरण लवाद संस्थेकडे सोपवते. बंगळुरूच्या अटीची चिंता करू नये. पुरवठादार ज्या ठिकाणी आहे तिथल्या परिषदेला देशातील कोणत्याही खरेदीदाराविरुद्धचे प्रकरण चालवण्याचा अधिकार कलम १८ देते, आणि पक्षकारांमध्ये स्वतंत्र लवाद करार असला तरी हा विशेष कायदा वरचढ ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल तर खरेदीदाराला आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्याने प्रकरण ९० दिवसांत निकाली काढण्यास सांगितले आहे, पण त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणाला उधारी फेडण्याचा शब्द देऊ नये.

आपल्या प्रकरणातील कच्चा दुवा पहिल्या खेपेचा आहे. नोंदणीपूर्वी पुरवलेल्या मालाला थकबाकीविषयीच्या या तरतुदींचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. त्यामुळे दोन्ही खेपांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, म्हणजे पहिल्या खेपेवर आक्षेप आला तरी दुसरीची वसुली त्यात अडकणार नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. तरीही तिच्यासाठी एजंटांना पैसे देणारे गाळेधारक आजही भेटतात, हे खेदजनक आहे. नोंदणी क्रमांक यापुढे प्रत्येक बिलावर छापावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तयार माल घेऊन तसाच पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे आणि थकबाकीचे हे संरक्षण त्यांना लागू नाही. आपण स्वतः माल तयार करता, हे अर्जात ठळकपणे यावे.

या कायद्याचा उपयोग फार थोडे पुरवठादार करतात, आणि त्याचे कारण अज्ञान एवढेच नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर जाईल, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर सरकारला आजवर उपाय सापडलेला नाही. ज्या कंपन्यांची उलाढाल २५० कोटी रुपयांहून अधिक आहे त्यांना ‘ट्रेड्स’ या बिल वटवण्याच्या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक केले आहे. आपला खरेदीदार त्या आकाराचा असेल, तर पुढील व्यवहाराची बिले त्या मंचावर चढवण्याची मागणी करावी. कंपनीने बिल मान्य केले की बँक किंवा वित्त कंपनी आपल्याला लगेच पैसे देते, आणि पुढे ती वसुली कंपनीकडून करते.

प्रश्न : मी लालबागला घरीच ब्लाउज आणि साड्यांवर भरतकाम करून देते. मदतीला एक मुलगी आहे. गेल्या वर्षी १ लाख ८५ हजार रुपयांचे संगणकीय भरतकाम यंत्र घेतले. तिसऱ्या महिन्यापासून ते बंद पडते आहे. विक्रेता म्हणतो, ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, त्यामुळे तुम्ही ग्राहक नाही’. शिवाय बिलावर ‘वाद फक्त सुरत न्यायालयाच्या कक्षेत’ असे छापले आहे.

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे बरोबर, पण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या व्याख्येतच असे स्पष्टीकरण आहे की, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची फोड केली. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक आहे, आणि कामाला एक-दोन मदतनीस घेतले म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडची एक मुलगी या मर्यादेत बसते. मात्र हे सारे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. ‘मी हे यंत्र स्वतः चालवते आणि माझी उपजीविका त्यावरच आहे’ हे वाक्य राहून गेल्यामुळे चांगल्या तक्रारी पहिल्याच पायरीवर अडतात. यंत्र ज्या खोलीत आहे तिथला पत्ता, कामाच्या काही पावत्या आणि बँकेचे पासबुक जोडले तर हे म्हणणे पुराव्यासह उभे राहते.

सुरतच्या अटीमुळे आपल्याला सुरतेला जावे लागणार नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. १९८६ च्या कायद्यात ती नव्हती. यंत्रासाठी मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाईल, आणि ती ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘माणूस पाठवतो’ या आश्वासनावर ती मुदत घालवणारे लोक थोडे नाहीत, आणि विक्रेत्यांनाही हे चांगलेच ठाऊक असते.

तक्रारीपूर्वी एक नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि तीत यंत्र कोणत्या तारखांना बंद पडले, तंत्रज्ञ केव्हा आला आणि त्याने कागदावर काय लिहून दिले, हे क्रमाने मांडावे. यंत्राचा दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून बाहेरच्या कारागिराकडून ते खोलून घेऊ नये. खोललेल्या यंत्रात मूळ दोष दाखवणे अवघड जाते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. नुकसानभरपाई मागताना यंत्र बंद असलेल्या दिवसांत परत पाठवलेली कामे, त्यांच्या गिऱ्हाइकांनी पाठवलेले निरोप यांवर भर द्यावा. ‘मानसिक त्रासाबद्दल पाच लाख’ असे मोघम आकडे टाकल्याने तक्रारीचे वजन कमीच होते. तक्रार मसुदा म्हणून कुणाला दाखवायची असेल, तर १९७५ पासून मुंबईत काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचे मार्गदर्शन उपयोगी पडेल.

प्रश्न : हॉटेलच्या बिलात १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावला जातो. हा सरकारी कर आहे का?

उत्तर : नाही. वस्तू व सेवा कर हा कर आहे. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतःच्या मर्जीने लावते आणि तो सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. शांतपणे काढून टाकण्यास सांगावे. नकार मिळाल्यास बिलाचे छायाचित्र घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वाढप्याला खुशीने काही द्यायचे असेल तर ते आपल्या इच्छेचे, आणि ते त्याच्या हातात दिलेले बरे.

प्रश्न : दादरला साड्यांच्या दुकानात मी सहा वर्षे काम केले. आम्ही एकूण सहा जण होतो. दिवाळीच्या दिवसांत आठवड्याची सुट्टी मिळत नसे. आता नोकरी सोडली, तर शेवटच्या महिन्याचा पगार मालक देत नाही. ‘आमच्याकडे दहा माणसे नाहीत, आम्हाला कायदा लागू नाही’ असे म्हणतो.

उत्तर : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याबद्दल मालकाचे म्हणणे चुकीचे नाही. २०१७ च्या या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून वगळले आणि केवळ माहिती कळवण्यास सांगितले, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यात आली, त्यामुळे त्यातील कामाचे तास आणि रजांच्या तरतुदी आपल्या दुकानाला लागू होत नाहीत. छोट्या दुकानदारावरचा कागदांचा बोजा कमी करावा हे धोरण समजण्यासारखे आहे. पण मुंबईतल्या बाजारपेठांत चार-सहा नोकरांची दुकाने किती आहेत हे पाहिले, तर त्या सवलतीची किंमत काउंटरमागे उभा असलेला माणूस मोजतो, असे माझे मत आहे.

पगाराचा कायदा मात्र वेगळा आहे आणि त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो, आणि कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढले तर त्याचे देणे दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. मालक ही मुदत ओलांडून बसला आहे. पगाराची पावती मिळत नसली तरी बँक खात्यातील नोंदी, हजेरीचे फोटो आणि सोबतच्या सहकाऱ्याचे म्हणणे पुरावा म्हणून चालते. मागणी लेखी करून तिची पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज द्यावा. संहितेने अशा दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली आहे, पण पैसे एका महिन्याचेच असले तरी अर्ज याच महिन्यात करावा, कारण दुकानात अजून काम करणारे सहकारी आज बोलायला तयार असतील, पुढच्या दिवाळीपर्यंत असतीलच असे नाही.