बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास घ्यावा का?

प्रश्न : आमच्या गावात उन्हाळा लागला की लेकरं रोज विहिरीवर पोहायला जायलेत. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतंय याची शर्यत लावतेत आणि बुडी मारायच्या आधी वीस-वीस दा जोरजोरात श्वास घेतेत. माझा पोरगा म्हणतो त्यानं ऑक्सिजन साठतो अन् दम टिकतो. खरंय का हे? – एक पालक, जि. परभणी

उत्तर : दम जास्त टिकतो हे खरंय, ऑक्सिजन साठतो हे खरं नाही, आणि जीव जातो तो या गैरसमजापायीच. म्हणून या अंकात एवढा एकच प्रश्न घेतलाय.

कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर खुर्चीवर बसून बोटाला लावा आणि श्वास धरून बघा. अर्ध्या-पाऊण मिनिटात जीव कासावीस व्हायला लागतो, आणि मशीनवर बघावं तर आकडा अजून ९७-९८ च! म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे, मग कासावीस कशानं? कार्बन डायऑक्साइडनं. आपण आत घेतो त्या हवेत तो ०.०४ टक्के असतो आणि सोडतो त्यात ४ टक्क्यांच्या आसपास, शरीर सतत तो तयार करत असतं, त्यामुळं श्वास धरला की तो रक्तात साचतो, रक्ताचं आम्ल थोडं वाढतं, मेंदूच्या बुडाशी श्वासाचं केंद्र आहे तिथं ते लगेच कळतं आणि तिथून छातीच्या स्नायूंना आणि श्वासपटलाला हुकूम सुटतो, घे श्वास. ऑक्सिजन कमी झाल्याचं मात्र इतक्या लवकर जाणवत नाही. कोरोनात कितीतरी पेशंट ८०-८५ वर असताना नीट बोलत बसलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आता विहिरीवरचं बघा. रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यामुळं जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड पार कमी होतो. मग लेकरू बुडी मारतं, हातपाय मारतं, ऑक्सिजन संपत येतो तरी कासावीस होतच नाही, वर ये म्हणून सांगणारं आतून कुणी उरत नाही, आणि पाण्याखालीच शुद्ध जाते. ओरडणं नाही, धडपड नाही. वरच्या पोरांना वाटतं हा जिंकायलाय. पट्टीच्या पोहणाऱ्याचंसुद्धा असं होतं, उलट त्याचंच जास्त, कारण तो जास्त वेळ ताणतो.

आपल्याकडं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडल्यावर लगेच आत उतरू देत नाहीत ते याच कार्बन डायऑक्साइडपायी. ज्वारीसुद्धा श्वास घेते, बंद पेवात ऑक्सिजन कमी होऊन कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि एवढा साचलेला असला तर माणूस कासावीस व्हायच्या आतच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही जातो.

पोराला पोहू द्या, पोहणं चांगलंच आहे. फक्त दम धरायची शर्यत बंद करायला सांगा आणि काठावर एक पोहता येणारं मोठं माणूस ठेवा. कुणाला बेशुद्ध बाहेर काढलं तर पोटातलं पाणी काढायला उलटं धरणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडानं श्वास देणं सुरू करा, सोबत छाती दाबा, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा.