नाल्यावरून उलटं चालत जा

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन महिने दर रविवारी काठावरचा कचरा उपसला आणि परवा पुलावरून पाहिलं तर नदीला तोच वास, तोच काळा रंग. ‘आमचं काय चुकलं?’ असं विचारलंस. तुम्ही चुकीच्या टोकाला उभे आहात, एवढंच चुकलं. नाल्यावरून उलटं चालत जा.

नदी प्लास्टिकने काळी पडत नाही. प्लास्टिक डोळ्यांना दिसतं म्हणून आपण ते उचलतो. मैलापाण्यातली घाण खाऊन जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. तो लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना तगणं अवघड होतं. पार संपला की गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हे तू शिकली आहेस. मग पोती कशाला मोजत बसलीस?

मीही मोजली, अकरा वर्षं. भर उन्हाळ्यात पुलाखालच्या पावसाळी गटारातून मांडीएवढी धार पडायची आणि आम्ही नाकाला रुमाल लावून तिच्याशेजारून कचरा वेचायचो. पाऊस नाही, तर हे पाणी कुणाचं? अकरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही, याची टोचणी अजून जात नाही. शेवटी एकदा उलटं चालत गेलो. दोन किलोमीटरवर मैलावाहिनी तुंबलेली निघाली आणि तिची भिंत फोडून एका अख्ख्या वसाहतीचा मैला पावसाळी गटारात सोडलेला होता. खाली शुद्धीकरण केंद्र अर्ध्या क्षमतेने चालत होतं, कारण मैला तिथवर पोचतच नव्हता. ते भोक बुजवून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली. पोत्यांनी जे झालं नाही ते ते एक भोक बुजवल्याने झालं.

लंडनचंच बघ. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेला बसणं अवघड झालं, तेव्हा बॅझलगेट या अभियंत्याने नदीकाठाने मोठ्या मैलावाहिन्या बांधल्या आणि मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन नदीतच सोडला. शहराचा वास गेला, खालची नदी सडली. शंभर वर्षांनी, 1957 मध्ये, टेम्स जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरली. मैल्यावर नीट प्रक्रिया होऊ लागल्यावर 1974 मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. मैला नुसता पुढे ढकलून भागत नाही.

मी गट फोडला, असं जुने सोबती म्हणतात. तुझ्याही कानावर आलं असेल. काठाच्या सुशोभीकरणाच्या उद्घाटनाला मी गेलो नाही, कारण त्या नव्या भिंतीतूनच चार नळ नदीत उघडत होते. फरसबंदीवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि पायाखालून मैला वाहू द्यायचा, हे मला जमलं नाही. आजही जमणार नाही. सोबती गेले याचं दुःख आहे. नळ मोजले याचं नाही.

तेव्हा या रविवारी पोती घरी ठेव. पहाटे, सूर्य उगवायच्या आत जा. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं, म्हणून खरा आकडा तेव्हाच सापडतो. दुपारचा नमुना फसवतो. नाला नदीला मिळतो तिथे एक बाटली, नदीतच त्याच्या वरच्या अंगाला दुसरी. बुडबुडा राहू न देता तोंडापर्यंत भर, मँगनीज सल्फेट घाल, मग अल्कली आयोडाइड. हातमोजे घाल. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसेल, नसेल तर पांढरा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढ, तो पोत्यांच्या फोटोंपेक्षा जास्त बोलेल. मग नाल्यावरून उलटं चालत जा आणि कोरड्या दिवशी वाहणारं प्रत्येक तोंड वहीत लिही.

चेंबरचं झाकण मात्र स्वतः उघडू नकोस, आत वाकू तर मुळीच नकोस. त्याच सडक्या अंड्यांच्या वासाच्या वायूने आत माणसं मरतात, आणि जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो.

बाटल्यांचे रंग कळव.