जपानच्या शाळेत परदेशी शिक्षकाचं रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की नाशिकला सात वर्षं इंग्रजी शिकवलं, आता जपानमध्ये शिक्षिका म्हणून यायचं मनात आहे, तर इथला रोजचा दिवस नेमका कसा जातो. मी पुण्याची. ओकायामा प्रांतातल्या एका लहान गावात मला हे चौथं वर्ष आहे. तीन दिवस माध्यमिक शाळेत असते, दोन दिवस प्राथमिक.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करून या. इथे तुम्ही ‘एएलटी’ असाल, म्हणजे सहायक भाषाशिक्षिका. जपानचा शिक्षक-परवाना आपल्याकडे नसतो, त्यामुळे वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची आणि आपण त्याच्या सोबतीला. बी.एड. आणि सात वर्षांचा अनुभव असूनही कधी कधी अख्खा तास फक्त धडा मोठ्याने वाचून दाखवण्यात जातो. एकटीने वर्ग सांभाळलेल्या बाईला हे फार लागतं. मलाही लागलं. पहिले सहा महिने मी रोज घरी येऊन विचार करायची, की मी इथे कशासाठी आले?

त्याचं उत्तर मला तासात मिळालं नाही, जेवणाच्या सुट्टीत मिळालं.

प्राथमिक शाळेत दुपारी मुलंच वाढपी होतात. पाळी असलेली मुलं पांढरा एप्रन आणि टोपी घालून मोठी भांडी वर्गात आणतात, सगळ्यांना सारखं वाढतात, प्रत्येकापुढे २०० मिलीलीटर दूध ठेवतात. मग हात जोडून सगळे एका सुरात ‘इतादाकिमास’ म्हणतात. त्याआधी कोणी घास घेत नाही. आपल्या शाळेत डबा खाण्याआधी श्लोक म्हणायचो, त्याची मला रोज आठवण होते. मी शाकाहारी, आणि इथे नुसत्या भाजीच्या सारातही बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं. म्हणून उपमुख्याध्यापकांना विचारून मी माझा डबा नेते. पोळी बघून पहिल्या दिवशी एका मुलाने ‘नान?’ म्हणून विचारलं. नान नाही, पोळी, असं मी सांगितलं. आता तो वर्ग ‘पोरी’ म्हणतो, कारण त्यांच्या भाषेत ‘ल’ही नाही आणि ‘ळ’ही नाही.

जेवणानंतर साफसफाई. शिपाई झाडून देईल असं इथे नसतं. मुलं ओला फडका दोन्ही हातांनी दाबून लांब व्हरांडा पुसत धावतात, शिक्षकही हातात झाडू घेतात. माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला मान वर न करणारी मुलगी माझ्याशेजारी खिडकी पुसताना हळूच बोलते. सहावीपर्यंत ‘हाय! हाय!’ (म्हणजे ‘हो! हो!’) करत हात वर करणारी मुलं आठवीत पोचली की गप्प होतात. त्यांना येत नसतं असं नाही, चारचौघांत चुकायची भीती असते. ती भीती तासात जात नाही, फडका हातात असताना जाते. म्हणून मी रिकाम्या तासाला शिक्षक-खोलीत बसून राहत नाही. मुलांच्या या सोबतीतच सहायक असण्याचं दुःख कमी झालं.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी माणसाला इथे मोठा आधार आहे. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमास’ म्हणजे ‘मी शाळेत जाते’, शब्दाला शब्द. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे. घरातून निघताना ते ‘इत्तेकिमास’ म्हणतात, म्हणजे जाऊन येते. आपणही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आणि त्यांची अक्षरमाला बघा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. शेजारी आपली लिहा: क, च, त, न, प, म, य, र, व. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’, कारण जुन्या जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकले, त्या अभ्यासातून हा क्रम आला. मी हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा पाचवीचा वर्ग क्षणभर शांत झाला आणि मग सगळ्यांना आपापलं नाव देवनागरीत हवं झालं.

तरी जपानी शिकल्याशिवाय येऊ नका. वर्गात इंग्रजी चालतं, बाकी सगळं जपानीत: सकाळची सभा, सूचनांचे कागद, भूकंपाची कवायत. त्या कवायतीत मुलांना ‘ओ-हा-शि-मो’ शिकवतात, चार जपानी सूचनांची ही आद्याक्षरं: ढकलू नका, पळू नका, बोलू नका, परत फिरू नका. खरा भूकंप झाला तर मुलांबरोबर तुम्हालाही हे कळायला हवं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी (पाचांपैकी खालून दुसरी) तरी गाठाच. भाषा आली की पुढची दारंही उघडतात. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या स्थानिक सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

पैशाचं थोडक्यात. परदेशी लोकांना जपानी शाळांत नेमणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या सरकारी ‘जेट’ योजनेत जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात, पण जमत असेल तर तोच मार्ग धरा. खाजगी कंपनीमार्फत आलात तर सुट्टीतल्या पगाराचं कलम नीट वाचा. मी पहिलं वर्ष अशाच एका कंपनीत होते आणि ऑगस्टचा पगार जवळजवळ निम्मा आला. घर भाड्याने घेताना अनामतीशिवाय ‘रेइकिन’ म्हणून परत न मिळणारी रक्कम मागतात. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षी जूनपासून हातात एकदम कमी पडायला लागतं. त्याची सोय आधीच करून ठेवा.

एकटेपणा येतो, विशेषतः हिवाळ्यात, पाचलाच अंधार पडतो तेव्हा. मी रविवारी आगगाडीने ओकायामाच्या कोराकुएन बागेत जाते. ती १७०० साली पूर्ण झाली, आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर बांधलंय. कॉलेजात असताना मी त्या उद्यानात तासन् तास बसायची. इथल्या तळ्याकाठी बसलं की घर फार लांब वाटत नाही.

येताना तूरडाळ आणि गोडा मसाला आणाच, शिवाय तुमच्या शाळेचे फोटोही आणा. पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते. ताजमहाल त्यांनी पुस्तकात पाहिलेला असतो. नाशिकच्या मुलांच्या डब्यात काय असतं, हे मात्र मुलं पुढे सरकून बघतात.