फाफ्सा लग्नाआधी भरावा की नंतर?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. मुलगी बारावीत आहे, माझ्याकडेच राहते. तिचे बाबा दरमहा चाइल्ड सपोर्ट देतात. त्यांचं दुसरं लग्न झालंय. जानेवारीत माझंही आहे. कॉलेजचा खर्च उचलणार नाही असं होणाऱ्या नवऱ्याने स्पष्ट सांगितलंय, तसा लेखी करारही होतोय. तरी आर्थिक मदतीसाठी त्यांचं उत्पन्न धरतील का? फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, आत्ताच भरून टाकू का?

उत्तर : लग्न झालं की धरतील. करार तुम्हा दोघांपुरता. फाफ्साला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पण आधी अर्जावर पालक कोण, ते ठरवा. मूल कुणाकडे राहतं हा निकष २०२४-२५ पासून गेला. आता अर्जाआधीच्या १२ महिन्यांत तिच्यावर जास्त खर्च कुणी केला ते बघतात. चाइल्ड सपोर्ट, बाबा भरत असलेली फी, औषधपाणी त्यांच्या खात्यात. तिचं राहणं, जेवणखाण, कपडे तुम्ही स्वतःच्या पैशातून करता ते तुमच्या. कागद घेऊन बेरीज करा. समसमान निघालं तर ज्याचं उत्पन्न आणि मालमत्ता जास्त, तो पालक. बाबांचं पारडं जड निघालं तर अर्जात ते आणि त्यांची पत्नी येतील, तुमच्या लग्नाचा प्रश्नच उरणार नाही.

तुमचं नाव आलं तर सही करायच्या दिवशीची वैवाहिक स्थिती लिहायची. नोव्हेंबरात भरलात तर तुम्ही एकट्या. त्यात लबाडी नाही आणि लग्नानंतर तो अर्ज बदलावाही लागत नाही. मात्र फाफ्सा दरवर्षी भरायचा असतो. पुढच्या अर्जात तुमचे नवे पती येणारच, आणि कर दोन वर्षं मागचा बघत असल्याने लग्नाआधीची त्यांची कमाईही मोजली जाईल. पहिल्या वर्षीचं मदतीचं पॅकेज बघून कॉलेज ठरवणारे इथेच फसतात. प्रत्येक कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते तो दाखवतो) दोनदा आकडे भरा, एकदा त्यांच्याशिवाय, एकदा त्यांच्यासह. दुसरा आकडा तीन वर्षं झेपणार असेल तरच ते कॉलेज यादीत ठेवा.

दोन वर्षं मागचा तो कर नव्या पतींनी वेगळा भरलेला असेल, म्हणून स्टुडंटएड संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून करविषयक माहिती घेण्याची संमती त्यांनाच द्यावी लागेल. ती नसेल तर केंद्राची मदत अडते. संमती म्हणजे जामीनकी नव्हे, एवढं त्यांना समजावून सांगा. बहुतेक वाद या गैरसमजातून होतात. राहतं घर आणि ४०१-के हे निवृत्तीचं खातं फाफ्सात मोजत नाहीत; बचत, शेअर्स, भाड्याने दिलेलं घर मोजतात. ते स्वतःच्या मुलांना पोसत असतील तर कुटुंबाची संख्या वाढून थोडा दिलासा मिळतो, पण दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असल्याची पूर्वीची सवलत आता नाही.

सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा आणखी एक अर्ज मागणाऱ्या खासगी कॉलेजांचं गणित निराळं. तिथे राहत्या घराची किंमतही विचारतात, आणि अनेक ठिकाणी बाबांनी, त्यांच्या पत्नीच्या उत्पन्नासह, वेगळा अर्ज भरावा लागतो. ‘ते पैसे देणार नाहीत’ या कारणावर सूट मिळत नाही. संपर्कच तुटला असेल किंवा छळाचा इतिहास असेल तर विनंती करता येते.

घटस्फोटाच्या करारातलं कॉलेजचं कलमही काढून वाचा. न्यू जर्सीत १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो निकालापासून न्यायालय घटस्फोटित आईवडिलांना उच्चशिक्षणाच्या खर्चाचा वाटा उचलायला सांगू शकतं. कलम मोघम असेल तर लग्नाच्या गडबडीआधी वकिलाला दाखवा.