२३ वर्षांची बर्बन (अमेरिकन व्हिस्की) लाकडासारखी लागली, १२ वर्षांची आवडली, मला यातलं कळत नाही का?

अरे जीभ अजिबात बिघडलेली नाहीये तुझी. अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलच्या बारमध्ये एवढे पैसे मोजून २३ वर्षांची गव्हाची (म्हणजे मक्यासोबत गहू घातलेली) बर्बन घेतलीस, ती तुरट लागली, आणि घरी मित्राच्या बाटलीतली वेलर १२ (तीही गव्हाचीच, १२ वर्षांची) त्याहून आवडली, यात लाजण्यासारखं काय आहे? हे कळायला माझी पाच-सहा वर्षं आणि बराच पगार गेलाय.

आपण सगळे स्कॉचवरून इकडे येतो ना, तिथे १२ म्हणजे सुरुवात, १८ भारी, २५ म्हणजे तर बोलायलाच नको, तेच गणित इथे लावतो आणि फसतो. स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपात मुरते (त्यातली बरीचशी पिंपं केंटकीतूनच जातात), पण बर्बनला कायद्यानेच नवं कोरं, आतून जाळलेलं ओक लागतं. चहाचं बघ. एकदा उकळलेली पावडर परत टाकली तर कितीही उकळ, बेताचाच रंग उतरतो, पण ताजी पावडर टाकून गॅसवर विसरलास तर तो चहा जिभेला चिकटतो. त्यात केंटकीचा उन्हाळा, दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, असं वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या काही वर्षांत व्हॅनिला, कॅरॅमल, थोडं खोबरं असं सगळं छान छान उतरतं, नंतर मात्र टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरटपणा, साचत जातं. आणि उडून जातं ते वेगळंच, २३ वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी माल उरतो, त्यामुळे तू जे पैसे दिलेस त्यातले बरेचसे हवेत गेलेल्या दारूचे होते. गोव्यात पॉल जॉन व्हिस्कीवाले नेहमीच्या बाटल्यांवर वय लिहीतच नाहीत, तिथल्या उकाड्यात काही वर्षांतच काम होतं.

आता गव्हाचं. लोक म्हणतात गहू घातला की बर्बन गोड होते, मला ते पटत नाही. निम्म्याहून जास्त मका असतोच, तो ५१ टक्के तरी असायलाच लागतो, गोडी त्याची. नेहमीच्या बर्बनमध्ये दुसरं धान्य राय असतं, ती मिरीसारखी झणझणते. तिच्या जागी गहू टाकला की तो झणका जातो, बस. उदाहरणार्थ मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ गहू, १४ बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली). गहू बाजूला गप्प बसतो म्हणून लाकडाचं चांगलं-वाईट सगळं उघडं पडतं, रायच्या तिखटपणामागे लपायची सोय नाही. म्हणूनच जुनी गव्हाची बर्बन जमली तर फार सुंदर, आणि बिघडली तर नुसती सुताराची कार्यशाळा.

मी कशी चाखून बघतो सांगतो. ३० मिली, तळाशी फुगीर नि वर निमुळता ग्लास, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही, जुनीला तर नाहीच. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेव, नाकात अल्कोहोल टोचत नाही. व्हॅनिला शोधत बसू नकोस, तो सगळ्यातच असतो. मला चांगल्या जुन्या गव्हाच्या बर्बनमध्ये काकवी, खारीक, बेदाणे, जायफळ आणि खूप दिवसांनी उघडलेल्या शिसवी कपाटाचा वास येतो. नुसतंच कपाट आलं आणि खारीक नाही आली की मी सावध होतो. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला, मत दुसऱ्यावर. आणि खरा निकाल गिळल्यानंतर लागतो, कोरडेपणा येणारच, पण त्या कोरडेपणाच्या खाली गोडी शिल्लक राहते का बघ. काताची सुपारी चघळल्यासारखा गाल आत ओढला गेला आणि मागे काहीच उरलं नाही, तर लाकडाने धान्य खाल्लंय, मग लेबलवर कितीही वर्षं असोत. मग दोन-चार थेंब पाणी घाल. काही बर्बन पाण्याने फुलतात, पण अति मुरलेल्यात पाण्याने कडूपणा जास्तच दिसतो असा माझा अनुभव.

वयाचा परिणाम नीट समजून घ्यायचा असेल तर कुठल्याशा बारमध्ये ओल्ड फिट्झगेराल्ड या गव्हाच्या बर्बनच्या बॉटल्ड-इन-बाँड (अमेरिकन कायद्याने ठरवलेला एक दर्जा) अशा दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या बाटल्या शेजारी शेजारी मिळतात का बघ. २०१८ पासून वर्षातून दोनदा निघतात, वय दर वेळी वेगळं, पण सगळ्या ५० टक्क्यांच्या आणि प्रत्येक बाटली एकाच डिस्टिलरीच्या एकाच हंगामातली, त्यामुळे फरक मुख्यतः वयाचाच दिसतो. आम्ही चौघांनी एकदा डोळे झाकून वेगवेगळ्या वयाचे चार ग्लास लावले होते, सगळ्यात म्हातारी शेवटची आली, आणि ती ज्याने आणली होती त्यानेच तिला सगळ्यात कमी मार्क दिले, बिचारा तासभर बोलला नाही 😄. माझ्यासाठी मजा ११ ते १५ च्या मधे आहे. १७-१९ मधली एखादी अफलातून निघते, पण ते त्या पिंपाचं नशीब, खालच्या थंड मजल्यावर राहिलं असेल तर.

बाटली आडवी ठेवायची का विचारलंस. नाही, उभीच ठेव, ही वाईन नाहीये, एवढं अल्कोहोल बुचाला लागून राहिलं तर बूच कुसकरतं. आणि रिकामा ग्लास रात्री धुवू नकोस, सकाळी वास घे. वेलरच्या ग्लासात गूळ आला तर इथे लिही.