नुसती मुलं मोजू नकोस

सप्रेम नमस्कार,

बाईचं शिक्षण आणि तिची मुलं यांचं नातं शोधायला बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांची पाहणी करायला निघाली आहेस. बाई शिकली की मुलं कमी होतात, हे आकड्यांत दिसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईमागे २.८ मुलं, बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या बाईमागे १.८. पण ही देशाची सरासरी. त्याच पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे १.७ मुलं होती आणि त्यात न शिकलेल्या बायकाही आल्या. इथल्या विवाहित बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास बायकांची नसबंदी झालेली असते, तीही बहुधा पंचविशीच्या आगेमागे. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, मग ऑपरेशन. त्यामुळे मुलांच्या संख्येत फरक थोडाच दिसेल. तो शोध पहिल्या बाळंतपणाच्या वयात आणि दोन मुलांमधल्या अंतरात. बाईच्या अंगावर निघतं ते हेच.

दिवाळीनंतर गावं रिकामी होतात, म्हणून मे महिन्यात जा. "मुलं किती?" असं एकदम विचारू नकोस, सासरी गेलेली लेक आणि गेलेलं बाळ त्यात सुटतं. आधी जवळ राहणारी, मग बाहेर राहणारी, मग "जन्मलं, रडलं, पण राहिलं नाही असं कुणी?" प्रत्येक वेळी मुलगे-मुली वेगळे. शेवटचा प्रश्न सासू समोर नसताना.

शिक्षण पास झालेल्या इयत्तेत लिही. शाळा सुटल्याचं साल आणि लग्नाचं साल शेजारी शेजारी मांड. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. म्हणून पोराचं लग्न लवकर उरकतात. आईबाप तोडीला गेले की वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची धास्ती असते, तिची शाळाही सुटते आणि लग्नही ठरतं. अशा घरात लवकर झालेल्या मुलांचं कारण फक्त अपुरं शिक्षण असं लिहिलंस, तर उपायही चुकीचा सुचवशील. तिथं हंगामी वसतिगृह हवं असतं, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावात राहून शिकतील अशी सोय.

बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीची तुलना पंचेचाळिशीच्या निरक्षर बाईशी करू नकोस. एकाच वयोगटातल्या बायका घे. पूर्ण झालेलं कुटुंब पाहायचं तर ४५ ते ४९.

लग्नाचं वय विचारलंस की सगळीकडे अठराच ऐकू येईल. थोरल्या मुलाचा जन्मदाखला माग, आईच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख घे आणि पहिल्या बाळंतपणाचं वय त्यावरून काढ.